आडवी जाळी बारीक झाली, उभ्या थरांचं काय?

जुलै लागला की कोल्हापुरात पाणी फूट-इंचांत मोजलं जातं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१, दोन्ही वर्षी पंचगंगा ५५ फुटांच्या वर चढली, आणि तेव्हापासून हवामानाचा अंदाज हा चहाच्या गाड्यावरचाही विषय झाला. पण ही चर्चा एकाच आकड्याभोवती घुटमळते: अंदाज काढणाऱ्या संगणकी मॉडेलने जमिनीवर आखलेली चौकोनांची जाळी किती किलोमीटरची? मे २०२५ मध्ये पुण्याच्या आयआयटीएमने (भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने) घडवलेली भारत फोरकास्ट सिस्टीम ६ किलोमीटरच्या जाळीवर सुरू झाली. आधीची जाळी १२ किलोमीटरची होती. गगनबावडा आणि शिरोळ यांच्यात सरळ रेषेत ऐंशीएक किलोमीटर अंतर आणि वर्षाच्या पावसात जवळपास दहापट फरक, अशा जिल्ह्याला बारीक जाळीचा उपयोग आहेच. त्याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो दुसऱ्या दिशेचा. मॉडेलला लांबी-रुंदीसारखी उंचीही असते. जमिनीपासून साठ-सत्तर किलोमीटरपर्यंतच्या हवेचे थर पाडले जातात आणि प्रत्येक थरात वारा, तापमान, बाष्प यांचा हिशेब होतो. त्यातले १२ ते २५ किलोमीटर उंचीवरचे थर किती जाड ठेवलेत, हा प्रश्न बातमीत कधी येत नाही. तो यायला हवा, कारण जगभरातली मॉडेलं गेली काही वर्षं एका ठळक परीक्षेत नापास होत आहेत आणि त्या परीक्षेचा पेपर याच उंचीवरचा आहे.

विषुववृत्तावर साधारण १६ ते ३५ किलोमीटरच्या पट्ट्यात, म्हणजे शाळेच्या भूगोलातल्या स्थितांबरात, वारा वर्ष-सव्वा वर्ष पूर्वेकडून वाहतो आणि पुढे जवळपास तितकाच काळ पश्चिमेकडून. पूर्ण फेरा सरासरी २८ महिन्यांचा. ऋतूंशी त्याचा मेळ नाही, म्हणून शास्त्रज्ञांनी त्याला ‘जवळपास द्वैवार्षिक’ म्हटलं. इंग्रजी आद्याक्षरांवरून क्यूबीओ. १८८३ साली इंडोनेशियातला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला तेव्हा त्याची राख पश्चिमेच्या दिशेने पृथ्वीला वळसा घालून गेली, त्यावरून तिथे कायम पूर्वेचा वारा असतो असं धरलं गेलं. १९०८ मध्ये बर्सन यांनी पूर्व आफ्रिकेत फुगे सोडले तर वर पश्चिमेचा वारा निघाला. दोघांचंही बरोबर होतं, फक्त वेळ वेगळी होती. पण हे उमगायला १९६०-६१ उजाडलं. तेव्हा ब्रिटनचे एबडन आणि अमेरिकेचे रीड यांनी, एकमेकांवर न विसंबता, हा फेरा दाखवून दिला.

सिंगापूरच्या फुग्यांच्या नोंदी महिन्यामागून महिना मांडल्या तर चित्र स्पष्ट दिसतं. पश्चिमेचा वारा आधी ३० किलोमीटरवर डोकावतो, मग महिन्याला सुमारे एक किलोमीटर अशा चालीने खाली उतरत जातो. तो २० किलोमीटरवर पोचेपर्यंत वर्ष होत येतं आणि तोवर वरच्या मजल्यावर पूर्वेचा वारा बिऱ्हाड थाटून बसलेला असतो.

याला फिरवतं कोण? खालचे ढग. उष्ण कटिबंधातले उंच ढग वर उसळतात तेव्हा हवेत लहरी उठतात आणि त्या वर चढतात. काही लहरी हजारो किलोमीटर लांबीच्या असतात, काही दहा-वीस किलोमीटरच्या. या लहान लहरींना गुरुत्व तरंग म्हणतात. (हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगोची प्रयोगशाळा ज्यांच्यासाठी उभी राहते आहे त्या गुरुत्वीय लहरी वेगळ्या. दोन्हींची गल्लत मराठी बातम्यांत सर्रास होते.) १९७८ साली प्लंब आणि मॅकइवन यांनी हा सगळा खेळ एका टाकीत करून दाखवला. बांगडीसारखी गोल टाकी, आत मिठाचं पाणी, खाली जास्त खारट आणि वर कमी, आणि तळाला लवचिक पडदा. तो पडदा फक्त वर-खाली हलवायचा, गोल फिरवायचं काहीच नाही. तरी थोड्या वेळाने पाणी टाकीत एका दिशेने फिरू लागतं, मग मंदावतं आणि उलट दिशेने फिरू लागतं. कारण वर-खाली हलण्यातून एकाच वेळी दोन उलट दिशांच्या लहरी निघतात. जी लहर प्रवाहाच्याच दिशेने जाते ती लवकर विरते आणि आपला जोर तिथेच टाकते. उलट जाणारी लहर तिथून निसटून वर जाते, वरचं पाणी आपल्या बाजूला ओढते आणि तो उलटा प्रवाह हळूहळू खाली सरकतो. लिंडझन आणि होल्टन यांनी १९६८ साली कागदावर मांडलेली कल्पना ही अशी पाण्यात उतरली.

आता मॉडेल. हा फेरा मॉडेलात आपोआप उमटत नाही, घडवावा लागतो. मोठ्या लहरी जाळीत मावतात, पण त्यासाठी उभे थर पातळ लागतात, कारण वाऱ्याची दिशा बदलते त्या सांध्याजवळ लहरीची उभी लांबी आखडत जाते. थर एक-दीड किलोमीटर जाडीचे असले तर लहर तिथे पोचण्याआधीच गणितात विरून जाते. अर्ध्या किलोमीटरच्या आसपास थर असले तर ती टिकते. लहान गुरुत्व तरंग मात्र बहुतेक हवामानबदलाच्या मॉडेलांच्या जाळीतून गळतातच. त्यांच्या जागी एक सूत्र बसवतात: ढगांमधून इतक्या जोराच्या, इतक्या वेगांच्या लहरी निघतात असं धरायचं आणि जोराची खुंटी पिळत राहायचं, फेरा २८ महिन्यांचा होईपर्यंत. इथेच पहिली गडबड होते. खुंटी पिळून ३० किलोमीटरवरचा वारा जमतो, कालावधी जमतो, पण २० किलोमीटरच्या खाली फेरा फारच दुबळा उतरतो. उत्तर पुस्तकातलं, रीत चुकलेली. पुढे कुणी ढगांचं सूत्र सुधारलं की खालून निघणाऱ्या लहरी बदलतात आणि जमलेला फेरा पुन्हा बिघडतो.

तरी प्रगती झाली हे मान्य केलं पाहिजे. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या अहवालांसाठी जगभरची मॉडेलं एकत्र तपासली जातात. त्यांच्या तिसऱ्या फेरीत एकाही मॉडेलला हा वारा स्वतःहून फिरवता येत नव्हता. पाचव्या फेरीत पाचेक मॉडेलांना जमलं, सहाव्या फेरीत तपासलेल्या तीसपैकी पंधराएक मॉडेलांना.

दुसरं पात्र खालच्या हवेतलं. १९७१-७२ साली मॅडन आणि ज्युलियन यांनी हिंदी महासागरावरून पूर्वेकडे सरकणारा ढगांचा प्रचंड थवा ओळखला. सेकंदाला पाचेक मीटर चाल, आणि ३० ते ६० दिवसांत पुन्हा पहिल्या जागी. याला एमजेओ म्हणतात. दोन आठवड्यांच्या पुढचा अंदाज आज जो काही देता येतो, त्याचा मोठा आधार हाच. पावसाळ्यात याचा भाऊबंद विषुववृत्ताकडून उत्तरेला सरकतो आणि आपल्याकडे पावसाची झड आणि उघडीप यांचा ताल धरतो.

या दोघांची गाठ २०१६ च्या सुमारास ठळकपणे पुढे आली. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात २० किलोमीटरवर पूर्वेचा वारा असेल तर एमजेओ जोमदार होतो, पश्चिमेचा असेल तर ढिला पडतो. हिवाळ्यातल्या एमजेओच्या वर्षागणिक चढउतारापैकी सुमारे ४० टक्के या एका वाऱ्याशी जुळतात. एल निनोशीही इतके जुळत नाहीत. कारण म्हणून जे सांगितलं जातं ते असं: पूर्वेचा वारा असताना तपांबराच्या छताजवळ, १६-१७ किलोमीटरवर, हवा अर्धा ते एक अंशाने थंड असते. छत थंड झालं की उंच ढगांना वर चढायला अडसर कमी होतो, आणि वर पसरणारे पातळ हिमकणांचे ढग वाढतात. ते खालची उष्णता अडवून थव्याला ऊब देतात.

आणि परीक्षेचा निकाल? सहाव्या फेरीतल्या तीस मॉडेलांत ही गाठ शोधली गेली. एकाही मॉडेलात ती सापडली नाही.

वरचा वारा दुबळा म्हणून गाठ दुबळी, असं पटकन वाटतं. ते अर्धंच खरं आहे. काही प्रयोगांत मॉडेलच्या स्थितांबरातला वारा दांडगाईने खऱ्या नोंदींशी बांधून ठेवला, म्हणजे वरचं सगळं बरोबर करून दिलं. तरी खालचा एमजेओ ढिम्म. याचा अर्थ मॉडेलातल्या ढगांना छत जाणवतच नाही. एक तर ते छतापर्यंत पोचत नाहीत, पोचले तर छताजवळच्या हिमढगांचं गणित भोंगळ असतं, आणि एक-दीड किलोमीटरच्या थरात छताची बारीक थंडी पसरून पातळ होते. त्यामुळे नुसते थर वाढवा म्हणणंही भाबडेपणाचं ठरेल. थर पातळ हवेत आणि त्या थरांत ढगांचं सूत्र नव्याने तपासायला हवं, ही जोडीची कामं आहेत.

खर्चाचं गणित इथे आपल्या बाजूचं आहे. आडवी जाळी निम्मी केली की घरं चौपट होतात, आणि गणिताची वेळेची पायरीही निम्मी करावी लागते, म्हणजे काम आठपट. एकूण उभे थर दुप्पट केले तरी काम दुपटीच्या आसपास वाढतं. १२ ते २५ किलोमीटरमध्येच वीस-पंचवीस थर घातले तर त्याहून कमी. म्हणून १२ वरून ६ वर येण्याचं कौतुक करताना, त्याच संगणकावरचा थोडा वेळ या पट्ट्याला द्या, ही मागणी अवाजवी नाही.

आता यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला आक्षेप असा की गाठच खरी कशावरून? उपग्रहाच्या नोंदी १९७९ पासूनच्या, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस हिवाळे. फेरा सव्वादोन वर्षांचा, तेव्हा वेगळे म्हणता येतील असे फेरे वीसच्या आसपास. त्याआधीच्या दशकांत फुग्यांच्या आणि इतर नोंदींवरून शोधलं तर ही गाठ दिसत नाही. वर हा वाराही शिस्तीचा नाही: २०१६ च्या सुरुवातीला खाली सरकता सरकता तो मध्येच फिसकटला, जे साठ वर्षांच्या नोंदीत कधी झालं नव्हतं, आणि अंदाजाच्या मॉडेलांना त्याची चाहूल लागली नाही. २०२० च्या आरंभी पुन्हा तेच.

या बाबतीत आपल्या देशाने तर एकदा हात पोळून घेतले आहेत. डॉ. वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने १९८८ पासून देशाच्या मान्सूनचा अंदाज सोळा घटकांवरून निघायचा. त्यात एल निनो, हिमालयातलं बर्फ, मार्चचं तापमान यांच्या पंगतीत स्थितांबराचे दोन घटक होते: जानेवारीत साधारण ३० किलोमीटरवरचा वारा आणि हिवाळ्यात २० किलोमीटरवरची वाऱ्याची मांडणी. चौदा वर्षं गाडी चालली. २००२ साली अंदाज निघाला सरासरीच्या १०१ टक्क्यांचा, पाऊस झाला ८१ टक्के, आणि जुलै तर निम्म्यावर आला. पुढच्याच वर्षी ते सूत्र बाजूला ठेवलं गेलं. गोवारीकरांची दृष्टी काळाच्या पुढची होती. कमी पडला तो आधार. आकड्यांचं नातं सापडलं होतं, कारणाची साखळी हातात नव्हती. कारण न कळता जुळलेले आकडे कधी साथ सोडतील याची आगाऊ सूचना मिळत नाही.

पण हाच धडा मॉडेल सुधारण्याच्या बाजूने जातो. गाठ खरी की योगायोग, याचा निवाडा करायला अजून चाळीस हिवाळे थांबायचं नसेल तर ज्या मॉडेलातल्या ढगांना छत जाणवतं असं मॉडेलच लागेल. आजच्या मॉडेलांत गाठ दिसत नाही यावरून ती खोटी ठरत नाही. तराजूचा काटाच अडकलेला आहे.

दुसरा आक्षेप आपल्या अंगणातला. गाठ डिसेंबर-फेब्रुवारीची, पूर जुलै-ऑगस्टचा. शिवाय कोल्हापूर विषुववृत्तापासून १६.७ अंश उत्तरेला, आणि या वाऱ्याचा जोर साधारण १२ अंशांवरच निम्मा होतो. आपल्या डोक्यावर उरतो तो जेमतेम चौथा हिस्सा. (शिवाजी विद्यापीठाच्या आवारातल्या भूचुंबकत्व संस्थेच्या रडारने जे वारे मोजले ते ८० ते ९८ किलोमीटरवरचे, मध्यांबरातले. ते काम नावाजण्याजोगं, पण या प्रश्नाच्या कितीतरी वरच्या मजल्यावरचं.) मग क्यूबीओवरून पंचगंगेच्या पुराचं भाकीत सांगणारा कुणी भेटला, आणि समाजमाध्यमांवर असे भेटतात, तर त्याला वाटेला लावावं हे खरंच. हिवाळी गाठ पावसाळ्याला लावणं ही फसवणूक आहे.

तरीही ही परीक्षा आपल्याला लागू होते, ती अशी. पावसाळ्यातली झड-उघडीप आणि हिवाळ्यातला एमजेओ यांसाठी मॉडेलात ढगांची सूत्रं वेगळी नसतात. त्या सूत्रांना हिवाळ्यात छत जाणवत नसेल तर जुलैत, जेव्हा ढग तितकेच उंच जातात, तेव्हा जाणवत असेल असं धरायला आधार नाही. आणि दोन-तीन आठवड्यांच्या अंदाजावर इथे काय अवलंबून आहे ते राधानगरीच्या हिशेबात दिसतं. धरणाची क्षमता ८.३६ टीएमसी. सात दरवाजे स्वयंचलित, पाणी ठरल्या पातळीला गेलं की आपोआप उघडतात, प्रत्येकातून १४२८ क्युसेक. पण धरण भरायच्या आत आगाऊ जागा करायची तर भरवसा मुख्यतः वीजगृहाच्या वाटेवर, तिथून साधारण १५०० क्युसेक. चोवीस तासांत ते होतं ०.१३ टीएमसी. म्हणजे वरून थेंबही येत नाही असं धरलं तरी एक टीएमसी रिकामं करायला पावणेआठ दिवस. प्रत्यक्षात जुलैत आवक चालू असते, म्हणून त्याहून जास्त. पाच दिवसांचा अंदाज कितीही अचूक असला, ६ किलोमीटरचा असला, तरी इथे उशिराच येतो. उपयोग आहे तो दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्याच्या अंदाजाचा, आणि चुकला तर पुढच्या उन्हाळ्यात भोगावतीकाठच्या उसाला पाणी कमी. दोन्हीकडून जोखीम.

हिवाळ्यातही हिशेब आहेच. डिसेंबर-जानेवारीत ऊसतोड ऐन भरात असते. दोन दिवस अवकाळी झाली की फडात ट्रॅक्टर रुततो, टोळ्या बसून राहतात, कारखान्याला ऊस तुटतो. पूर्वेच्या वाऱ्याच्या हिवाळ्यात एमजेओचा अंदाज काही मॉडेलांना पाच ते दहा दिवस जास्त लांबपर्यंत धरता येतो, हे दिसून आलं आहे. मॉडेलला गाठ उमगली म्हणून हे होत नाही. थवा मुळातच जोमदार असतो, त्यामुळे सुरुवातीच्या नोंदींतच तो ठसठशीत उतरतो आणि ओळखायला सोपा जातो. पण अंदाज वापरणाऱ्याला एवढं पुरे: या हिवाळ्यात दूरच्या अंदाजावर जरा जास्त भरवसा ठेवायचा की जरा कमी, एवढं तरी त्याला सांगता येईल.

मग मागणी नेमकी काय? हवामान खात्याचा चार आठवड्यांचा अंदाज दर गुरुवारी निघतो. त्यासोबत मागच्या वीसेक वर्षांच्या अंदाजांची पडताळणी नकाशाखाली छापली जावी, सगळ्या देशाची एकच सरासरी देऊन मोकळं न होता कोकण-घाटमाथा वेगळा, मध्य महाराष्ट्र वेगळा, पहिला आठवडा वेगळा, तिसरा वेगळा. हिवाळ्यात स्थितांबरातल्या वाऱ्याची दिशा त्याच कागदावर नोंदवावी आणि त्या दिशेच्या वर्षांत अंदाज किती टिकला तेही. नवं मॉडेल जाहीर करताना किलोमीटरच्या शेजारी १२ ते २५ किलोमीटर उंचीत किती थर आहेत हा आकडा द्यावा, आणि एमजेओ-क्यूबीओची परीक्षा दिली का, निकाल काय लागला, हेही. नापास असेल तर नापास लिहावं; जगातले तीसच्या तीस नापास असताना त्यात लाजण्यासारखं काही नाही. २०५० आणि २१०० चे आकडे जिल्ह्याच्या आराखड्यात उतरवणाऱ्यांनीही एवढं पाहावं की तापणाऱ्या हवेत स्थितांबराच्या खालच्या भागातला हा फेरा दुबळा होईल असं बहुतेक मॉडेलं म्हणतात, पण कालावधी वाढेल की घटेल यावर त्यांचं एकमत नाही, आणि त्याचा एमजेओवर काय परिणाम होईल हे सांगायला ज्या गाठीची गरज आहे ती त्यांच्यात नाहीच.

आणि घाटमाथ्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या रकान्यात पडताळणीचा आकडा शून्याजवळ निघाला, म्हणजे अंदाज जुळला तर योगायोगानेच असं दिसलं, तर तो शून्याजवळचाच छापावा. वीजगृहाचं पाणी १ जुलैला वाढवायचं की ८ ला, हे ठरवणाऱ्या अभियंत्याला हिरव्या-निळ्या रंगाच्या नकाशापेक्षा तो शून्य जास्त कामाचा आहे.